‘कांहीं नाहीं’ हें औषध नव्हे

समजा, घरांतील धाकट्या सूनबाईंस मध्यरात्रीं एकाएकीं जाग येते. छाती धडधडूं लागते, श्वास पुरेनासा होतो, बोटांस मुंग्या येतात. आतां आपला अंत जवळ आला, असें वाटतें. सारें घर उठून बसतें. सकाळीं घरचे डॉक्टर नाडी पाहतात, हृदयाचा आलेख काढतात आणि हसतमुखानें सांगतात, “कांहीं नाहीं!” मंडळींस हायसें वाटतें, सूनबाईंस मात्र वाटत नाहीं. ‘मग मला झालें तें काय?’ असें त्यांच्या मनांत येतें.

हा प्रश्न रास्त आहे. संकटाची चाहूल लागतांच शरीरांत ॲड्रेनलिन हा स्राव वाढतो व हृदय वेगानें चालूं लागतें. श्वास जलद झाल्यानें रक्तांतील कार्बन डायऑक्साइड कमी होतो व मुंग्या येतात. चिंताविकारांत संकट नसतांनाही ही सारी सज्जता होते. अमेरिकन यादवी युद्धांतील सैनिकांची अशीच धडधड डॉ. डा कोस्टा यांनीं १८७१ सालीं वर्णिली, ती हृदयाचा विकार म्हणून! मनाचें दुखणें शरीराच्या वाटेनें येतें, तें असें.

म्हणूनच त्याची पहिली पारख बहुधा घरच्या डॉक्टरांसच करावी लागते. थायरॉइडचा अतिरेक, रक्तक्षय, हृदयाचे दोष, चहा-कॉफीचें अतिसेवन यांचा विचार आधीं व्हावा. पुढें, २००६ सालीं प्रसिद्ध झालेली अवघ्या ७ प्रश्नांची एक प्रश्नावली उपयोगी पडते. गेल्या पंधरवड्यांतील काळजी, अस्वस्थता व भीति यांविषयीं ती विचारते. २१ पैकीं १० वा अधिक गुण भरल्यास सविस्तर चौकशी करावी.

ज्याची भीति वाटते त्यास पायरीपायरीनें सामोरें जाण्यास शिकविणारी मानसोपचारपद्धति येथें गुणकारी ठरते. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांसारख्या औषधांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंवर धीर सोडूं नये. अल्प्राझोलामसारख्या गोळीनें तत्काळ आराम पडतो खरा, पण तिची संवय जडते. आणि ती रोज घेत असल्यास आपल्याच मतानें एकदम बंद करणेंही धोक्याचें असतें.

आतां घरच्यांचें कर्तव्य. “बरें वाटतें ना?” असें दिवसांतून वीस वेळां विचारणें, बाजारहाट काढून घेणें, एकटें न सोडणें, हें सारें मायेपोटींच होतें; परंतु त्यानें भीतीच पोसली जाते. प्रथम बरोबर जावें, मग कोपऱ्यापर्यंत, मग त्यांस एकटें जाऊं द्यावें. जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा निघाल्यास मात्र त्याच दिवशीं डॉक्टर गांठावे. २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

“हा चिंताविकार आहे, आणि त्यावर उपाय आहे,” एवढें डॉक्टरांनीं म्हटलें, म्हणून सूनबाईंस त्याच रात्रीं शांत झोंप लागेल असें नाहीं. पण पुन्हा जाग आलीच, तर ती कशानें आली हें त्यांस ठाऊक असेल.