दोरी धुवायची, सांधायची की बदलायची?

काठावरचे दिवस : लेखांक ९

हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते, कारण तो त्या माशाचा विणीचा काळ. मार्च उजाडला की कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीकाठी परवाने घेतलेली मंडळी पुन्हा दिसू लागतात आणि चार महिने रिळावर पडून राहिलेली दोरी बाहेर निघते. निघते ती वेटोळ्यांसकट. काठीच्या कड्यांमधून सरकताना ती खरखरते, फेक निम्म्यावर येते आणि तरंगायला हवं ते टोक हळूहळू पाण्याखाली जातं. आता नवी दोरी घ्यायला हवी, असं वाटायला एवढं पुरतं. पण अशा कितीतरी दोऱ्या झिजलेल्या नसतात, नुसत्या मळलेल्या असतात.

फ्लाय फिशिंगमध्ये दोरीला एवढं महत्त्व का, हे एकदा लक्षात घ्यायला हवं. साध्या गळाला शिशाचं वजन बांधलं की ते वजन तंगूस ओढत नेतं. फ्लाय फिशिंगमधली माशी म्हणजे गळाभोवती पिसं आणि धागे गुंडाळून केलेला कीटक. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून इथे वजन दोरीतच असतं. ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं प्रमाणित वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम. चहाचे दोन चमचे साखर भरेल तेवढं. काठीच्या झोक्याने हे वजन हवेत चाबकासारखं उलगडतं आणि माशीला सोबत घेऊन जातं. दोरी खरबरीत झाली की हा सगळा खेळच अडखळतो.

जुन्या काळी ही दोरी जपणं हे रोजचं काम होतं. १४९६ मध्ये इंग्लंडात छापल्या गेलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या ग्रंथात घोड्याच्या शेपटीचे केस कसे रंगवावेत आणि त्यांची दोरी कशी वळावी, याची सविस्तर कृती आहे. पुढे रेशमी दोरी आली. तिला जवसाच्या तेलाचे हात दिलेले असत. सकाळी तिला तरंगण्यासाठी चरबीसारखं मलम चोळायचं आणि संध्याकाळी रिळावरून सगळी उतरवून सैल वेटोळ्यांत वाळवायची. ओली दोरी रिळावर राहिली की रेशीम कुजायचं. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या सायंटिफिक अँगलर्स आणि कॉर्टलंड या कंपन्यांनी प्लास्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या बाजारात आणल्या, आणि वाळवण्याची ती रोजची कटकट मिटली.

तिच्याबरोबर काळजी घ्यायची सवयही गेली. आजच्या दोरीत आत विणलेला गाभा असतो आणि त्यावर बहुधा पीव्हीसीचा लेप. ताकद गाभ्याची; वजन, जाडी आणि तरंगणं लेपाचं. मुळात कडक असलेलं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाची द्रव्यं मिसळतात. ती काळाबरोबर निघून जातात, आणि ऊन व उष्णतेत अधिकच लवकर. एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा नागपुरात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेलं रीळ म्हणजे दोरीचं आयुष्य हाताने कमी करणं. पेट्रोलचा स्पर्श वाईटच. तितकीच वाईट डास पळवणारी डीटयुक्त मलमं आणि फवारे, कारण डीट प्लास्टिक विरघळवतं. मलम लावलेले हात धुतल्याशिवाय दोरीला लावू नयेत.

धुण्याला अर्धा तासही लागत नाही. एका बादलीत कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे थोडे थेंब, दुसऱ्या बादलीत स्वच्छ पाणी. कपडे किंवा भांडी घासायची तीव्र पावडर नको. दोरी पहिल्या बादलीत सैल सोडावी, थोडा वेळ भिजू द्यावी आणि मऊ फडक्याच्या चिमटीतून ओढत दुसऱ्या बादलीत उतरवावी. फडक्यावर जो काळपट-हिरवा पट्टा उमटतो, ते शेवाळ आणि बारीक गाळ. फेक अडवणारा आणि टोक बुडवणारा बहुतेक वेळा हाच असतो. मग दोरी पुसावी, तिच्यासाठीच मिळणारं मलम पातळ चोळावं आणि जास्तीचं पुसून टाकावं. वेटोळी मोडायला दोरी हातभर-हातभर धरून सावकाश ताणली की पुरतं. खाऱ्या पाण्यात वापरली असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्यातून काढावी.

धुऊनही टोक बुडत असेल, तर तपासणी करायची. दोरी बोटाभोवती घट्ट वाकवून उजेडात भिंगाखाली बघावी. लेपावर आडव्या बारीक भेगा दिसल्या, तर त्यांतून पाणी गाभ्यात शिरतंय. तंगूस न बांधता काठी झटकण्याची सवय असेल, तर या भेगा टोकापासून सुरू होतात. मधेच खरचटलेलं असेल, तर संशय दगडांवर, बुटांवर आणि काठीच्या कड्यांवर घ्यावा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा. तंतू अडकले, तर कडीला खाच पडली आहे. ती बदलल्याशिवाय नवी दोरीही तशीच सोलली जाईल.

दुरुस्तीत सर्वांत जास्त वेळा मोडतो तो टोकाचा फासा, ज्यात तंगूस अडकवतात. तो घरी करता येतो. तडकलेलं टोक कापावं, उरलेलं दोनेक सेंटिमीटर दुमडावं आणि जोडावर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी हीट श्रिंक नळी चढवावी. हेअर स्ट्रेटनरच्या पात्यांत ती थोडा थोडा वेळ धरून फिरवत राहावं. नळी आवळली जाते आणि आतला लेप वितळून एकजीव होतो. पूर्ण थंड झाल्यावर नळी उभी चिरून काढावी आणि फासा जोरात ओढून पाहावा. पहिला प्रयोग जुन्या दोरीच्या तुकड्यावर करावा, कारण उष्णता जरा जास्त झाली की लेप गाभ्यावरून ओघळतो. एवढा खटाटोप नको असेल, तर जाड तंगुसाची खिळ्याच्या आधाराने मारलेली गाठ भरवशाची आहे.

छोटा ओरखडा लवचिक राहणाऱ्या, अतिनील प्रकाशात घट्ट होणाऱ्या गोंदाच्या पातळ थराने बुजतो. गाभाच तुटत आला असेल, तर मधला सांधा कड्यांत अडकतो आणि नेमका मासा लागल्यावर दगा देतो. तिथे सांधण्याचा हट्ट सोडावा.

बदलण्याआधी दोरीचा प्रकार पाहावा. दोन्ही टोकांना सारखीच निमुळती होत गेलेली दोरी असेल, तर ती रिळावरून उतरवून उलटी गुंडाळावी. आत दडलेलं टोक बहुधा कोरं निघतं आणि त्याच पैशात दुसरी दोरी मिळते. पुढच्या भागात वजन असलेल्या दोरीला ही सोय नाही. नवी घेताना थंड आणि उष्ण हवेच्या दोऱ्या वेगळ्या असतात हे ध्यानात ठेवावं. तीर्थनच्या बर्फाळ पाण्यासाठी केलेली दोरी कोकणातल्या उन्हात लिबलिबीत होते. गुंडाळताना कारखान्याची चकती पेन्सिलीवर ओवून फिरती ठेवावी, म्हणजे दोरीला पीळ बसत नाही. आणि रिळाकडचं टोक कोणतं, हे चिठ्ठीवर वाचून मगच गाठ मारावी.

उतरवलेली दोरी नदीकाठी कधीच टाकू नये. प्लास्टिक कुजत नाही आणि पाणपक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. तिचा खरा उपयोग मैदानावर आहे. गवत आणि माती नव्या दोरीला सोलतात, म्हणून फेकीचा सराव जुनीवरच करावा. टोकाला गळाऐवजी लोकरीचा लाल गोंडा बांधावा, म्हणजे ती कुठे पडते हे दिसतं.

पुढील आठवड्यात : तंगुसाची जाडी आणि गाठी