मुंबईची सुहेली आणि आपली जुनी होडी



माझे काम कलमांच्या बागेतले. होड्यांचे मला काय कळणार? पण नोकरीच्या निमित्ताने कोकणात बरीच वर्षे काढली, आणि मागल्या दारी माड व पुढल्या दारी होडी अशी खाडीकाठची पुष्कळ घरे पाहिली. एकदा वैशाख अखेरीस अशाच एका घरी गेलो होतो. आंबा उतरवून झाला होता. घरधन्याच्या वडिलांच्या वेळची शिडाची होडी दोन वर्षे झापांखाली पडून होती. फळ्यांच्या फटींतून पलीकडचा उजेड दिसत होता. धनी म्हणाला, "सायेब, हिची आता लाकडेच फोडायची. सरपणाला येतील."

शेजारचा म्हातारा तांडेल पडवीत जाळे विणत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "होडी म्हातारी नाय झाली. तहानलीय ती."

मला त्या वेळी हे बोलणे गमतीचे वाटले. पुढे एका बोटीची हकीकत वाचली तेव्हा त्यातले मर्म कळले. ती हकीकत आज आपल्याला सांगतो. ज्यांच्या दारी होडी आहे त्यांनी ती कामासाठी वाचावी. ज्यांच्या दारी बैलगाडी आहे त्यांनाही ती उपयोगी पडेल.

मुंबईत बांधलेली बोट

१९६३-६४ साली मुंबईत एक ३२ फुटी शिडाची बोट बांधली गेली. बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी. बांधणारे मात्र आपले सुतार. लाकूड सागवानी आणि हत्यारे तासणी व दोरीने फिरवायचा सामता, म्हणजे आपल्या गावच्या सुताराकडची. इराणच्या आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरब खलाशी 'सुहेली' म्हणतात. तेच नाव बोटीला दिले.

१४ जून १९६८ रोजी हा गृहस्थ इंग्लंडमधील फाल्मथ बंदरातून सुहेली घेऊन एकटा निघाला. कोठेही न थांबता, कोणाची मदत न घेता पृथ्वीला वळसा घालायचा, अशी ती शर्यत होती. एकंदर नऊजण निघाले. कोणी वाटेतून परतले, कोणाची बोट मोडली, एकाला तर प्राणास मुकावे लागले. पूर्ण फेरी करून परतली ती एकटी सुहेली, २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी. एकट्या माणसाने न थांबता केलेली ती जगातली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा.

ही फेरी सुखाची झाली असे मात्र समजू नका. निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत बोटीत पाणी येऊ लागले. तळाच्या मुख्य लाकडालगतची फट दोन्ही बाजूंनी उघडत होती. आसपास हजारो हात खोल पाणी आणि किनारा दूर. त्याने गडद रंगाचा सदरा व पँट चढवली, कारण गोरे अंग शार्क माशाला लांबून दिसते. मग बुडी मारून तो फटीत कापूस ठोकू लागला. पण कापूस बसण्याआधीच दम संपे, आणि पुन्हा खाली जावे तो कापूस निघालेला असे. तेव्हा त्याने वर येऊन युक्ती काढली. कॅनव्हासची लांब पट्टी कापली, तिला कापूस शिवला, त्यावर डांबर फासले आणि ती पट्टी तांब्याच्या चुकांनी फटीवर ठोकली. तिच्यावर तांब्याची पट्टीही मारली. मधे एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीने मारावे लागले. पण फट बंद झाली.

पुढे दक्षिण समुद्रात लाटेने बोट आडवी झाली, सुकाणू आपोआप धरणारे साधन मोडले, टाकीतले पिण्याचे पाणी नासले. तो पावसाचे पाणी धरून प्यायला. बॅटरी भरायच्या छोट्या इंजिनातली बारीक फट मोजायचे साधन सापडेना, तेव्हा त्याने वहीची पाने मोजली. एका इंचात २०० पाने, म्हणजे एक पान इंचाचा २००वा भाग. लागतील तेवढी पाने फटीत घालून त्याने माप जमवले. बोट टिकली ती मालकाला तिचा सांधा न् सांधा ठाऊक होता म्हणून.

संग्रहालयात काय झाले

आता खरी शिकण्याची गोष्ट ऐका. एवढ्या कीर्तीची बोट पुढे लंडनमधल्या ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तिथे ना ऊन, ना पाऊस, ना लाट. हवासुद्धा ठराविक कोरडेपणाची. मोठ्या मायेने ठेवलेली! पण त्या कोरड्या हवेने फळ्या आकसू लागल्या. जी बोट समुद्राने मोडली नाही ती सावलीत मरू लागली. नॉक्स-जॉन्स्टन यांना ते पाहवेना. २००२ साली त्यांनी ती तिथून हलवली. पुढची कित्येक वर्षे स्वतः हाताने डागडुजी केली. साग शाबूत होता, पण फळ्या धरून ठेवणारे लोखंड गंजले होते, ते बदलले. २०१८ साली, त्या प्रवासाला ५० वर्षे झाली तेव्हा, सुहेली पुन्हा शीड उभारून फाल्मथच्या पाण्यात होती.

तांडेल म्हणाला होता तेच हे. होडी तहानली होती.

यात नवल नाही. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव सैल होते, तेव्हा आपण चाक ओढ्याच्या पाण्यात उभे करतो. लाकूड पाणी पिते, फुगते, धाव घट्ट बसते. होडीच्या फळ्यांचे शास्त्र तेच.

आपण काय करावे

जुन्या होडीवाल्यांशी बोलून जे समजून घेतले ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, होडी वर्षानुवर्षे कोरडी ठेवू नका. पावसाळ्यात ती वर काढून शाकारून ठेवणे योग्यच आहे. पण हंगाम सुरू झाला की ती पाण्यात गेली पाहिजे.

दुसरी, शाकारताना दोन्ही तोंडांनी वारा खेळू द्या. खाऱ्या पाण्यापेक्षा साचलेले पावसाचे पाणी लाकडाला अधिक कुजवते. आतला कचरा काढा, पाणी निथळायची वाट मोकळी ठेवा.

तिसरी, लाकूड पारखून घ्या. लाकडी हातोडीने फळी वाजवत जा. खणखणीत आवाज आला तर फळी चांगली, भद्द आला तर आत कूज किंवा किडा. तिथे सुरीचे टोक टोचून पाहा. सहज रुतले तर तेवढा तुकडा बदला. त्यासाठी सबंध होडी मोडू नका.

चौथी, खाऱ्या पाण्यातला पोखरकिडा विसरू नका. बाहेरून टाचणीएवढे भोक आणि आत लाकडाची चाळण, असा त्याचा कारभार. होडी अधूनमधून वर ओढून चांगली सुकू दिली की तो मरतो. पण 'सुकू देणे' काही दिवसांचे, काही वर्षांचे नव्हे!

पाचवी, फटी भरताना जुना कुजका कापूस पुरता काढा. नवा भरताना फार ठासू नका. पाण्यात फळी फुगली की ठासलेला कापूस तिला ढकलतो आणि खिळे उपटतात. याच कारणाने फटीत सिमेंटसारखा कडक लेप कधीही भरू नका.

सहावी, खिळे पाहा. फळीवर गंजाचा काळा डाग उतरला असेल तर आतला खिळा झिजला असे समजा. तो वेळीच बदला.

सातवी, शीड व दोर घरात टांगून ठेवा. शिडाचे कापड टिकते, पण उन्हाने शिवण आधी जाते. बोटभर उसवले तोच टाका घाला. उंदीर शिडात घर करतात, हे धान्याची कणगी राखणाऱ्या गृहिणींना सांगायला नको.

आणि शेवटची गोष्ट, विचारायला लाजू नका. आपले नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली मुंबईहून निघून एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्याआधी ते नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले आणि त्यांच्या बोटीच्या तयारीत हाताखाली राबले. दर्यावर्दी माणूस दर्यावर्दी माणसाला विचारतो, त्यात कमीपणा कसला? पुढे सुहेलीच्याच आराखड्यावर गोव्यात 'थुरिया' नावाची बोट बांधली गेली आणि २०१८ साली अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या. ते जबर जखमी झाले आणि त्यांची सुटका करावी लागली. बोट कितीही चांगली असली, माणूस कितीही तयारीचा असला, तरी समुद्राला गृहीत धरू नये, एवढे यातून ध्यानात ठेवावे. तेव्हा डागडुजी केलेली होडी पहिल्यांदा काठाकाठानेच फिरवा, आणि एकट्याने जाऊ नका.

त्या होडीचे काय झाले

आपण विचाराल, त्या घरच्या होडीचे पुढे काय झाले? तांडेलाने ती फोडू दिली नाही. दोन कुजक्या फळ्या बदलल्या, गंजके खिळे काढले, फटींतला जुना कापूस ओढून काढून नवा हलक्या हाताने भरला. मग भरतीच्या पाण्यात होडी ढकलून तशीच भरू दिली. घरच्या पोरांना वाटले, बुडाली! चार-पाच दिवसांनी ओहोटीला पाणी उपसले आणि पुन्हा तरंगवली. दोन जागी झिरपत होते, तेवढे पुन्हा भरले. एरवी सगळ्या फटी आपोआप मिटल्या होत्या.

भाद्रपदात मी पलीकडच्या गावी नारळाची रोपे नेली ती त्याच होडीतून. सुकाणू तांडेलाच्या हाती होते आणि घरधन्याचा धाकटा मुलगा शीड ओढायला शिकत होता. मी म्हटले, "काका, तुमच्यामुळे होडी वाचली." ते म्हणाले, "माझ्यामुळे कसली? आता ह्या पोराने दरसाल पाण्यात घातली तर वाचेल."

तेव्हा आपल्या मांगरात, परड्यात जे काही जुने पडले असेल, होडी असो, गाडी असो वा पाभर, तिचे सरपण करण्याआधी एकदा गावच्या जाणत्या माणसाला बोलवा. ते खरेच मोडले आहे की नुसते तहानले आहे, एवढे विचारा.