चिमूटभर मिठाचा प्रश्न

एखादे मूल अभ्यासात मंद आहे, असा शेरा प्रगतिपुस्तकावर लिहिणे सोपे असते. त्या मंदपणाचे मूळ कदाचित त्याच्या आईच्या आहारात असेल, हा विचार मात्र क्वचितच होतो. पुरेसे आयोडीन न मिळाल्यास अवटु ग्रंथी वाढते आणि गळ्यावर गलगंड दिसू लागतो. परंतु गलगंड ही या अभावाची केवळ डोळ्यांना दिसणारी खूण होय. गर्भावस्थेत आयोडीनची तीव्र उणीव भासल्यास मेंदूची वाढ खुंटते आणि ती हानी पुढे कोणत्याही शिकवणीने भरून निघत नाही.

उपाय अज्ञात नाही. हिमालयाच्या कुशीतील कांगडा खोऱ्यात १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली, तेव्हा सुमारे ३८ टक्के शाळकरी मुलांना गलगंड आढळला. पाऊस व हिमनद्यांनी तेथील मातीतले आयोडीन केव्हाच वाहून नेले होते. खोऱ्याच्या तीन भागांपैकी दोन भागांत आयोडीनयुक्त आणि एकात साधे मीठ पुरविण्यात आले. १९६२ पर्यंत पहिल्या दोन भागांतील प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली आले. तिसऱ्यात ते जवळजवळ तसेच राहिले. त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

प्रौढ माणसाची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्यास ४ ग्रॅमही लागत नाही. तरीही साध्या खाद्यमिठाच्या विक्रीवरील केंद्रीय बंदी २००० मध्ये उठविली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा अमलात आली. मीठ निवडण्याच्या स्वातंत्र्याचा मुद्दा तेव्हा पुढे करण्यात आला. छोट्या आगरवाल्यांची अडचण खरी होती. ती मदतीने दूर करता येते. मात्र ज्या गर्भाचा मेंदू घडत असतो, त्याला निवडीचा अधिकार कोणी दिला?

समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच, हा समजही चुकीचा आहे; त्यात ते नगण्य असते. आयोडीनयुक्त मीठही उघडे, दमट जागी ठेवल्यास त्याचा गुण ओसरतो. चाचणीच्या द्रावाचा थेंब टाकताच असे मीठ निळे-जांभळे होते. हा प्रयोग प्रत्येक शाळेत व्हावा आणि मुलांनी घरचे चिमूटभर मीठ त्यासाठी आणावे. गलगंड दिसेनासा झाला म्हणून दक्षता सोडणे परवडणारे नाही. कारण मातीतील उणीव कायम आहे. ती भरून काढण्याचे काम दर पिढीला नव्याने करावे लागणार आहे.