घणाची लय

ऐरणीवर दोघे काम करू लागले की ठेका आपोआप धरला जातो. आमच्या ग्वाल्हेरीत रस्त्याच्या कडेला भाता मांडून बसणारे गाडीलोहार पाहा. पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरतो, हातोडीने जागा दाखवतो, आणि समोर उभी असलेली त्याची बायको त्याच जागी घण उतरवते. खूण आणि आघात यांत अंतर पडले की लोखंड निवते आणि कोळसा फुकट जातो. माझे वडील राजवाड्यावर वादक होते आणि मी मुलांना लय शिकवून पोट भरतो. त्यामुळे असा आवाज कानी आला की माझे पाय थबकतातच.

एकटा कारागीर असेल, तर समोरचा घण कोणी मारावा? या प्रश्नाचे एक जुने उत्तर मला माझ्या एका विद्यार्थ्याकडून समजले. तो अमेरिकेत इंजिनिअर आहे आणि सुटीच्या दिवशी सुऱ्यांची पाती घडवतो. भंगारात निघालेला एक ‘लिटल जायंट’ यांत्रिक घण त्याने विकत घेतला आणि तो जिवंत करण्याची हकीकत मला पत्रांतून कळवीत राहिला.

हे घण मिनेसोटा राज्यातल्या मॅनकेटो गावी मेयर ब्रदर्स यांच्या कारखान्यात तयार होत. वरखाली होणाऱ्या ठोकळ्याच्या वजनावरून त्यांचे आकार ठरत: 25, 50, 100, 250 आणि 500 पौंड. खेडोपाडीच्या लोहारांना नांगराचे फाळ ठोकून धार काढण्यासाठी ते लागत. पुढे शेतीची अवजारे बदलली, फाळ शेवटण्याचे काम संपले आणि कितीतरी घण गंजत पडले. त्यांचे दैव फिरले ते पात्यांमुळे. 1973 साली बिल मोरान या कारागिराने थराथराच्या नक्षीदार पोलादाची पाती प्रदर्शनात मांडली आणि 1976 साली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन झाली. या पोलादात निरनिराळ्या पट्ट्या तापवून एकजीव करतात, लांबवतात, कापून पुन्हा एकावर एक ठेवतात. सात थरांचे चौदा, चौदांचे अठ्ठावीस, मग छप्पन्न! आपल्या दुगुण-चौगुणीचाच हा हिशेब. एकट्याच्या हाताने तो करायचा तर खांदा निकामी व्हायचा. म्हणून जुन्या घणांचा शोध सुरू झाला.

त्याची रचना साधी आहे. मोटारीच्या पट्ट्याने चाक फिरते, पण मोकळे. पायाखालची दांडी दाबली की क्लच धरतो, चाकाची गती वरच्या दांड्याला मिळते आणि स्प्रिंगला जोडलेल्या दोन बाहूंतून लोंबणारा ठोकळा उसळून खाली येतो. पाय हलका ठेवला तर क्लच थोडा निसटता राहून आघात मंद पडतो. दाबला तर लय चढते. 50 पौंडी घण मिनिटाला सुमारे तीनशे आघात करू शकतो. पायपेटी वाजवणाऱ्याला हे शिकवावे लागणार नाही. भात्याचा श्वास पायात असतो, तसाच इथे घणाचा.

दुरुस्तीत सगळ्यांत नाजूक काम बेअरिंगचे. ती बॅबिट नावाच्या मऊ मिश्रधातूची असतात. कथील, अँटिमनी व तांबे यांचे असे मिश्रण आयझॅक बॅबिटने 1839 साली काढले. झिजलेले बेअरिंग वितळवून काढायचे, दांड्यावर काजळी धरायची म्हणजे नवा रस त्याला चिकटत नाही, कडा मातीने लिंपायच्या आणि रस एका दमात ओतायचा. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर रस उसळून तोंडावर येतो. म्हणून आधी सारे शेकून कोरडे करावे लागते.

मग रोजची निगा. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सांध्यात तेल घालायचे. डाय बसवणाऱ्या पाचरी सैल झाल्या नाहीत ना, ते पाहायचे. दोन डायांमध्ये तापलेले लोखंड नसताना जोराने घण चालवायचा नाही, कारण डायांचे काठ उडतात. जुनी स्प्रिंग तुटली तर तिचे तुकडे गोळीसारखे सुटतात; तिच्याभोवती लोखंडी जाळी हवीच. खाली हात घालायचा तर आधी वीज तोडून ठोकळ्याखाली लाकूड द्यायचे.

सारे जमल्यावर त्याने मला घणाचा आवाज मुद्रित करून पाठवला. दर चारपाच आघातांमागे एक आघात पोकळ पडत होता, जणू तबलजीचा हात समेवर येता येता लुळा व्हावा. मी तसे कळवले. त्याने स्प्रिंगचा ताण देणारे नट थोडे थोडे फिरवून पाहिले. तिसऱ्या मुद्रणात आघात सारखे पडू लागले. तंबोऱ्याची जवारी लावताना दोरा रेसभर सरकवतो, तेवढाच फरक!

जवारी लावणारा मिळेनासा झाला की उत्तम तंबोराही मुका होतो, हे आम्हा गवयांना सांगायला नको. मिरजेच्या सतारमेकरांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या पिढीने तोच हात तंतुवाद्यांकडे वळवला. 2024 साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन नाव जपते. हात मात्र शिष्यालाच जपावा लागतो. लिटल जायंटचे सुटे भाग व दुरुस्तीचे वर्ग नेब्रास्का सिटीत चालू राहिले, म्हणूनच कारखाना गेल्यावरही ते घण वाजत राहिले.

माझा विद्यार्थी आता शेजारच्या दोन तरुणांना बॅबिट ओतायला शिकवतो आहे. पहिल्या दिवशी तो त्यांना घणाला हात लावू देत नाही. डोळे मिटून नुसते ऐकायला बसवतो. ही युक्ती त्याने कुठून उचलली, हे मला विचारावे लागले नाही.