खोकला अंगावर काढू नका



शिरूर काय नि दौंड काय, आपल्या गावांत खोकला अंगावर काढायची रीत जुनीच. "बिडीचा खोकला हाय, जाईल," "एवढा ऊस तुटू द्या, मग बघू," असे आपण म्हणतो. फड मोकळा होतो, खोकला तसाच राहतो. म्हणून या अंकात फुफ्फुसाच्या कर्करोगाविषयी चार शब्द लिहीत आहोत.

खोडकिडीने मेलेला पोंगा आपण वेळीच काढतो, म्हणजे बाकीचे बेट वाचते. इथेही तसेच आहे. उजव्या फुफ्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. गाठ लहान व एकाच खंडात असताना सापडली, तर बहुधा तेवढा खंड काढून रोग मुळासकट जाण्याची चांगली आशा असते.

पूर्वी यासाठी बरगड्या फाकवून छाती उघडावी लागे. १९९० नंतरच्या काळात दुर्बिणीची रीत आली. दोन-चार लहान छेद घेऊन आत कॅमेरा व अवजारे घालतात. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर दोन्ही रीती ताडून पाहिल्या. २०२२ साली निष्कर्ष आला : दुर्बिणीच्या रुग्णांना वेदना कमी, हिंडणे-फिरणे लवकर, आणि रोग काढण्यात काही उणे नाही.

मात्र रोग पसरला की हा मार्ग बहुधा बंद होतो. शिवाय सुरुवातीला हा रोग पुष्कळदा काही त्रासच देत नाही. म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षे बिडी-सिगारेट ओढली, त्यांनी छातीच्या सीटी स्कॅनविषयी डॉक्टरांना आपणहून विचारावे. बिडी न ओढणाऱ्यांनाही हा रोग होतो, तेव्हा माउलींनीही गाफील राहू नये. तीन आठवड्यांवर खोकला, थुंकीत रक्त, वजन घटणे यांपैकी काही दिसले तर लगेच दाखवावे. क्षयाची तपासणी आधी करावीच, पण क्षयाची औषधे घेऊनही फोटोतला डाग जात नसेल, तर "पुढे काय?" हे विचारायला लाजू नये.

दौंडकरांना रेल्वे आहे, शिरूरकरांना पुण्याची एस. टी. आहे. मुंबईत परळला १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. तेथे दुर्बिणीने या शस्त्रक्रिया होतात. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे करावी.

ऊस चार दिवस उशिरा तुटला तर वजनात थोडी घट येईल. ती पुढच्या हंगामात भरून निघेल. घरचा कर्ता माणूस गेला, तर ती तूट कोणत्या हंगामात भरून काढायची?