सुरतेच्या टोपीकरांचे घुमट

जमाखर्चाच्या भाषेत लिहिलेला मृत्युलेख मला एकच माहीत आहे. तो सुरतेला, कतारगाम दरवाजाजवळच्या जुन्या इंग्रज कबरस्तानात आहे. एप्रिल १६५९ मध्ये ख्रिस्तोफर ऑक्झेंडन नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर सुरतेत वारला. त्याच्यावरच्या लॅटिन लेखाचा भावार्थ असा: हा आला आणि गेला. याच्या वहीत वर्षं चढली नाहीत, नुसते दिवस चढले, कारण मृत्यूने अचानक हिशेब मागितला. मग लेख कंपनीच्या मालकांनाच विचारतो, तुमचा तोटा किती आणि नफा किती? तुमचा नोकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा प्राण गेला. पण पानाच्या दुसऱ्या बाजूला त्याला लिहिता येईल, की मरण हाच माझा लाभ. शेवटचं वाक्य संत पौलाच्या पत्रातल्या वचनावरून घेतलेलं आहे. बाकीचा सगळा मजकूर वखारीतला. रोजकीर्द आणि खतावणीत दिवस काढलेल्या माणसाला त्याच्या सोबत्यांनी त्याच्याच भाषेत निरोप दिला. साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही तो वाचताना गलबलून येतं.

हा लेख ज्या वास्तूत आहे ती मात्र कारकुनाची वाटत नाही. ख्रिस्तोफर आणि त्याचा भाऊ सर जॉर्ज, जो पुढे सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख झाला, या दोघांची ही एकत्र समाधी. उंची चाळीस फूट, व्यास पंचवीस फूट. जाडजूड खांब, त्यांवर एकावर एक असे दोन घुमट, त्यांच्याभोवती सज्जे आणि वर चढायला पायऱ्या. खालून मान वर करून पाहिलं तर इथे एखादा मोगल सरदार निजला असावा असंच वाटतं. भिंतीला हात लावला की चुन्याची पांढरी पूड बोटांना लागते. एखाद्या कोपऱ्यात गिलावा सुटलेला असतो आणि आतली वीट उघडी पडलेली दिसते. लांबून दगडी भासणारी ही भव्यता वीट आणि चुन्याची आहे, स्थानिक गवंड्यांच्या हातची आहे.

सुट्टीत कबरस्तान बघायला जायचं म्हटलं की आपल्याकडे घरातली मोठी माणसं नाक मुरडतात. आपण देह अग्नीला देतो, अस्थी पाण्यात सोडतो, समाधी बांधतो ती संतांची किंवा राजांची. स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाही. हा संकोच मला समजतो. पण आपल्या शाळांच्या सहली विजापूरला गोलघुमट बघायला जातातच ना? बीबी का मकबऱ्यासमोर फोटो काढले नाहीत असं घर मराठवाड्यात सापडणं कठीण. ताजमहाल तर बोलूनचालून कबरच. त्या वास्तूंत आपण राजघराण्यांचं वैभव बघतो. सुरतेच्या घुमटांखाली राजे नाहीत, व्यापारी आहेत, आणि म्हणूनच ते बघायला हवेत. गोलघुमट पूर्ण झाला १६५६ मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी ख्रिस्तोफर वारला. या देशात मोठ्या माणसाची कबर कशी असते, हे टोपीकरांनी नीट पाहिलं होतं. सुरतेतच, ज्याने इथला किल्ला बांधून घेतला त्या ख्वाजा सफर सुलेमानीची घुमटाची कबर त्यांच्या डोळ्यांसमोर होती. दरबारात ज्यांना खाली मान घालून अर्ज करावे लागत, त्यांनी मेल्यावर तरी सरदारांच्या पंगतीला बसायचं ठरवलं.

सर जॉर्ज ऑक्झेंडनचं नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले तेव्हा शहराचा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडं पडलं. ऑक्झेंडनने वखारीतले लोक आणि सुवाळीच्या बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवरचे खलाशी गोळा केले, ढोल-कर्णे वाजवत त्यांना रस्त्यांवरून फिरवलं आणि वखार लढवली. बादशहाने पुढे जकातीत सवलत दिली, कंपनीने त्याचा सत्कार केला. अँथनी स्मिथ नावाचा इंग्रज सुवाळीहून येताना मराठ्यांच्या हाती सापडला होता. महाराजांपुढे उभा राहून तो परत आला. वखारीच्या पाद्र्याने त्यानंतर विलायतेला जे पत्र धाडलं, त्यात महाराजांचं वर्णन आहे: बेताची उंची, रेखीव बांधा, तीक्ष्ण नजर आणि बोलताना हसरा वाटणारा चेहरा. महाराजांच्या हयातीतली अशी वर्णनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि त्यातलं एक या वखारीतून निघालेलं आहे.

मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीकडे आलं, तेव्हा त्याचा कारभार याच ऑक्झेंडनकडे आला. कंपनीच्या वतीने मुंबईचा पहिला गव्हर्नर तो. पण त्याचं बस्तान सुरतेलाच होतं आणि जुलै १६६९ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्यामागून आलेला जेराल्ड ऑंजियर, ज्याने मुंबईला शहराचं रूप दिलं, तोही १६७७ मध्ये सुरतेतच गेला. १६७० च्या ऑक्टोबरात मराठे दुसऱ्यांदा सुरतेत आले, तेव्हा वखार लढवणारा स्ट्रेनशॅम मास्टर हा जॉर्ज ऑक्झेंडनचा सख्खा भाचा. आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहून त्याची टिपणं ठेवणारा हेन्री ऑक्झेंडन याच घराण्यातला. ज्याच्या रोजनिशीवाचून राज्याभिषेकाचं कोणतंही पुस्तक पुरं होत नाही, त्याचे आप्त इथे निजलेले आहेत. शिवकालाच्या साधनांचा एवढा मोठा धागा या एका घुमटाखाली येऊन पोचतो, आणि तरी सुरतेला साड्या घ्यायला जाणाऱ्या आपल्यातल्या शंभरात एकालाही तो ठाऊक नसतो, याचं मला वाईट वाटतं.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा दिला, तो इथे उभं राहून आठवावा. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, यांना किल्ला बांधायला जागा देऊ नये, असा त्याचा मथितार्थ. अमात्यांनी हे लिहिलं अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. वखारीतल्या एका नोकराच्या मागे चाळीस फुटांची समाधी उभी राहते, ही गोष्ट त्यापूर्वी अर्धशतक सगळ्यांच्या देखत घडून गेली होती. या माणसांना नुसता नफा नको होता, मान हवा होता, आणि तो सगळ्यांना दिसायला हवा होता.

तिथून जवळच वलंदेजांचं, म्हणजे डचांचं कबरस्तान आहे. इंग्रजांपेक्षा वरचढ बांधायचं या ईर्षेने त्यांनी आपला सर्वांत मोठा घुमट उभारला, असं सांगितलं जातं. अष्टकोनी, दुमजली, खाली-वर सज्जे असलेली ही वास्तू एके काळी आतून चित्रांनी आणि बायबलमधल्या वचनांनी सजवलेली होती, खिडक्यांना लाकडी कोरीवकाम होतं. आज ते नाही. पण प्रमाणबद्धतेत ही समाधी ऑक्झेंडन बंधूंच्या समाधीपेक्षा सरस आहे, आणि आत जो माणूस आहे तो माझ्या मते या दोन्ही कबरस्तानांतला सर्वांत मोठा माणूस.

हेंड्रिक व्हान ऱ्हीड हा कोचीचा डच कमांडर. मिऱ्यांचा व्यापार बघायला आलेल्या या माणसाने मलबारच्या झाडाझुडपांचा ध्यास घेतला. वैद्य, चित्रकार, दुभाषे असे कितीतरी लोक त्याने कामाला लावले आणि त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार झाला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पती, त्यांची मोठमोठी चित्रं आणि त्यांचे औषधी उपयोग. पुढे लिनिअसने भारतातल्या वनस्पतींना नावं देताना या ग्रंथाचा आधार घेतला.

या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, आणि रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण होते. पोर्तुगीजांच्या जाचामुळे ज्यांचे पूर्वज गोवा सोडून कोचीकडे गेले, त्या समाजातले. आपण काय काम केलं याचं त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेलं आहे. ते कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत आहे. चित्रांवरही झाडांची नावं नागरीत आहेत. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हा एक. गोव्याहून परागंदा झालेल्या तीन विद्वानांची अक्षरं ॲमस्टरडॅमला पोचवणारा माणूस सुरतेत चिरविश्रांती घेतो आहे, हे कळल्यावर त्या घुमटाकडे बघण्याची नजरच बदलते.

व्हान ऱ्हीडचं मरण समुद्रावर आलं. डच कंपनीतला भ्रष्टाचार निपटून काढण्यासाठी त्याला १६८४ मध्ये खास अधिकार देऊन पाठवण्यात आलं होतं. केप, बंगाल, कोरोमंडल, सिलोन, मलबार अशी वखारींची तपासणी करत तो सुरतेकडे निघाला होता. डिसेंबर १६९१ मध्ये, जहाज मुंबईच्या आसपास असताना तो गेला. ज्या वखारीची झडती घ्यायची होती तिनेच त्याला जानेवारी १६९२ मध्ये थाटामाटात पुरलं. त्याला विष दिलं गेल्याची कुजबुज तेव्हाच सुरू झाली. शेजारी आर्मेनियन व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत, जमिनीलगतच्या आडव्या शिळा, त्यांवर त्यांच्या लिपीतले लेख. त्यांना घुमटाची हौस नव्हती.

पुन्हा इंग्रज कबरस्तानाकडे वळायला हवं, कारण तिथली एक कबर न बघता निघालं तर सगळी फेरी अपुरी राहते. मेरी प्राइस. वय तेवीस. १३ एप्रिल १७६१ रोजी देवीच्या रोगाने गेली. देवीच्या डागाळलेल्या पडद्याआडून तिने आपला निष्कलंक आत्मा ईश्वराला अर्पण केला, अशा अर्थाचं वाक्य तिच्या लेखात आहे. पण मला अधिक बोचतो तो त्याच लेखातला तिच्या नवऱ्याचा किताब. तो नुसता वखारीचा प्रमुख राहिलेला नाही. मोगलांच्या सुरतेतल्या किल्ल्याचा आणि आरमाराचा गव्हर्नर अशी त्याची ओळख दिली आहे. इंग्रजांनी १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला ताब्यात घेतला होता. १६६४ मध्ये ज्या किल्ल्यात मोगल सुभेदार लपला आणि बाहेर इंग्रज वखार सांभाळत राहिले, तोच हा किल्ला. ख्रिस्तोफरच्या लेखात वही आहे, मेरीच्या लेखात किल्ला आहे, आणि मध्ये गेली आहेत फक्त एकशेदोन वर्षं. मेरी गेली तेव्हा पानिपतला तीनच महिने झाले होते. पुण्यात बांगड्या फुटत होत्या, त्या काळात सुरतेत टोपीकर किल्लेदार झालेला होता. साम्राज्य कसं आलं हे समजावणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. इथे ते एका कुंपणाच्या आत पायी फिरून कळतं.

जाणं अवघड नाही. मुंबईहून सुरतेला जायला दिवसभर गाड्या आहेत, खानदेशातून भुसावळ-सुरत लाइन थेट शहरात आणते. उधना आणि लिंबायतकडे खानदेशी मंडळींची मोठी वस्ती आहे, त्यामुळे पुष्कळांना तिथे हक्काचं घर असतं. आधी तापीकाठचा किल्ला बघावा. महापालिकेने त्याची चांगली डागडुजी करून आत संग्रहालय मांडलं आहे. मग मोगलसराई, यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेली धर्मशाळा, जिथे आता महापालिकेचं कार्यालय आहे. तिथून रिक्षाने कतारगाम दरवाजा. हिरे घासण्याच्या कारखान्यांमुळे हा भाग गजबजलेला असतो, आणि रिक्षावाल्याला नुसतं कबरस्तान म्हटलं तर तो दुसरीकडेच नेतो. ‘अंग्रेजों का कबरस्तान’ असं स्पष्ट सांगावं. ऊन चढण्याआधी जावं, हातात दोन तास ठेवावेत, आणि १८७७ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सुरत-भडोच खंड मोबाइलवर उतरवून न्यावा. घुमटांवर चढू नये, भिंतींवर नावं कोरू नयेत, कबरीवर बसून डबा खाऊ नये. परक्यांची असली तरी ती माणसांची शेवटची जागा आहे.

दोन्ही कबरस्तानं पुरातत्त्व खात्याने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं म्हणून संरक्षित केलेली आहेत. पण संरक्षण म्हणजे नुसतं कुंपण आणि कायद्याचा फलक नव्हे. प्रत्येक मोठ्या समाधीपाशी, आत कोण आहे आणि लेखाचा अर्थ काय, हे गुजराती, हिंदी आणि मराठीत सांगणारा एकेक फलक हवा. व्हान ऱ्हीडच्या समाधीपाशी तर त्या तीन कोकणी पंडितांची नागरी अक्षरं मोठी करून लावायला हवीत. याला मोठा खर्च लागत नाही, कोणीतरी मागणी करावी लागते. गुजरातला निघालेल्या शाळांच्या सहलींनी आणि शिवकालाच्या वाटा शोधत हिंडणाऱ्या मंडळांनी आपल्या यादीत सुरतेचा हा दिवस घालावा, आणि परतल्यावर पुरातत्त्व खात्याला या फलकांसाठी एक पत्र लिहावं.