मार्क वाढवून मिळतील?

एका कंपनीने साडेनऊ दिले, दुसरी कदाचित दहा देईल... अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार्डवाल्यांचा हा लाडका जुगार आमच्या दादाने खेळून पाहिला. त्याची ही गोष्ट.

रात्रीचे साडेअकरा. न्यू जर्सीतल्या एका फ्लॅटचं किचन. टेबलावर टॉवेल पसरलेला, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची चपटी डबी, बाजूला पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, ऑपरेशन थिएटरमधल्या सर्जनसारखा उभा. आणि दारात हाताची घडी घालून वहिनी. ‘फोडायचंच आहे का नक्की?’

डबीत होतं लेब्रॉन जेम्सचं कार्ड. 2003-04 च्या टॉप्स क्रोम सेटमधलं 111 नंबरचं, त्याच्या पहिल्या सीझनचं. कार्डवाल्यांच्या भाषेत ‘रुकी’. दादा आधी क्लीव्हलँडला प्रोजेक्टवर होता. 2016 च्या जूनमध्ये क्लीव्हलँडने 3-1 अशा पिछाडीवरून एनबीएची फायनल जिंकली. त्या शहराला 52 वर्षांत पहिल्यांदाच कुठल्यातरी मोठ्या खेळाचं विजेतेपद मिळालं होतं. सोलापुरात क्रिकेटशिवाय काही न पाहिलेला आमचा दादा त्या दिवशी रस्त्यावर नाचला, आणि त्या वर्षीच्या बोनसमधून त्याने हे कार्ड घेतलं. ते आधीच डबीबंद होतं. लेबलवर आकडा होता 9.5.

आता तुम्ही म्हणाल, कार्डाला मार्क कसले? आपण शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड्स रबर बँड लावून खिशात कोंबायचो, कोपरे मोडले तर मोडले! तिकडे मात्र कोपरा मोडला की पैसे गेले. ग्रेडिंग कंपनीचा माणूस भिंगातून चार गोष्टी बघतो. चित्र चौकटीच्या बरोबर मध्यभागी आहे का, कोपरे टोकदार आहेत का, कडा स्वच्छ आहेत का आणि पृष्ठभागावर ओरखडे आहेत का. मग 1 ते 10 मध्ये आकडा देऊन कार्ड कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचं सील करतात. या डबीला म्हणतात ‘स्लॅब’. (स्लॅब म्हटलं की आपल्याला बिल्डरच आठवतो, पण भाव तिथेही चौरस इंचाला जबरदस्त आहे.)

यातली सगळ्यात दादा कंपनी पीएसए, 1991 पासूनची. एसजीसी 1998 ची, बेकेटचं ग्रेडिंग 1999 चं. पीएसए 9 नंतर थेट 10 देते. बेकेट मध्ये साडेनऊची पायरी ठेवते आणि चारही गोष्टींचे वेगळे मार्क लेबलवर छापते. चारही 10 असतील तर काळं लेबल! ते इतकं दुर्मीळ की त्यासाठी काही महाभाग पीएसएचं 10 वालं कार्डही फोडतात.

पण बहुतेकांचा प्रवास उलट्या दिशेने असतो. कार्ड तेच, पण स्लॅबवर कुणाचं नाव आहे यावर भाव बदलतो, आणि पीएसएच्या 10 ला बहुतेक कार्डांत इतरांच्या साडेनऊपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. यामागे फक्त ब्रँड नाही. पीएसए ‘सेट रजिस्ट्री’ चालवते. कुणाचा सेट सगळ्यात भारी याची ती यादी. त्यात फक्त पीएसएचीच कार्डं चालतात. म्हणजे तुमच्या सेटमध्ये एकच कार्ड कमी असेल आणि ते दुसऱ्या कंपनीच्या स्लॅबमध्ये असेल, तर ते असूनही नसल्यासारखं. यादीत वर चढायला धडपडणारी मंडळी मग वाटेल ते मोजतात.

म्हणून मग एका कंपनीचं कार्ड दुसरीकडे पाठवायचं. याचे मार्ग दोन.

पहिला सभ्य. त्याला म्हणतात ‘क्रॉसओव्हर’. कार्ड जुन्या स्लॅबसकटच पाठवायचं आणि फॉर्मवर लिहायचं, किमान इतकी ग्रेड देणार असाल तरच डबी बदला. नाही जमलं तर कार्ड जसंच्या तसं परत. आपली फी गेली, पण साडेनऊ शाबूत. मात्र कार्ड प्लॅस्टिकमधूनच तपासलं जातं, त्यामुळे ग्रेडर हात आखडता घेतात, असा संग्राहकांचा जुना संशय आहे.

दुसरा मार्ग पकडीचा. स्लॅब फोडायचा, कार्ड बाहेर काढायचं आणि जणू आयुष्यात कधी ग्रेड झालंच नाही अशा थाटात पाठवायचं. यात जाळी नाही. 10 येऊ शकतात, 8 सुद्धा येऊ शकतात. कडा कापलेल्या वाटल्या तर आकडाच मिळत नाही. आणि फोडताना स्क्रू ड्रायव्हर सटकला तर काय, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या युनिव्हर्सिटीत रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरलेल्यांना हे लगेच कळेल. फक्त इथे तुम्ही आधीची मार्कशीट स्वतःच्या हाताने फाडायची असते.

बरं, हे मार्क देणारे चुकत नाहीत का? पीएसएने सर्टिफिकेट नंबर एक ज्या कार्डाला दिलं, त्याचीच गोष्ट ऐका. होनस वॅग्नर हा शंभर वर्षांपूर्वीचा बेसबॉलपटू. सिगारेटच्या पाकिटातून 1909 ते 1911 दरम्यान निघालेलं त्याचं कार्ड म्हणजे या छंदातला कोहिनूर. त्यातलं सगळ्यात देखणं कार्ड 1991 मध्ये आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने 4 लाख 51 हजार डॉलरला घेतलं. पीएसएने त्याला 8 दिले. 2007 मध्ये ते 28 लाख डॉलरला विकलं गेलं. आणि 2013 मध्ये, कार्ड पूर्वी ज्याच्या हातून गेलं होतं त्या बिल मॅस्ट्रोने कोर्टात कबूल केलं, की मी त्याच्या कडा कापल्या होत्या! लिलावांतल्या लबाडीबद्दल 2015 मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षाही झाली. कडा कापलेल्या कार्डाला नियमाने आकडा मिळायलाच नको. तरी बाजाराला लेबलवरचा 8 पुरला.

उलटं उदाहरणही आहे. 1952 च्या टॉप्स सेटमधलं मिकी मँटलचं कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला गेलं. त्यावर लेबल पीएसएचं नव्हतं. एसजीसीचं होतं, साडेनऊचं. इतक्या उंचीवरचे लोक बहुधा कार्ड बघतात. लेबलची काळजी करायची ती तुमच्या-आमच्यासारख्या पगारदारांनी. आणि या कंपन्या म्हणजे दोन स्वतंत्र कोर्टं असंही समजू नका. पीएसएच्या मालकांनी 2024 मध्ये एसजीसीच विकत घेतली.

आणखी एक गंमत. कुठल्या कार्डाला कुठली ग्रेड किती वेळा दिली, याचे आकडे कंपन्या जाहीर करतात आणि त्यावर भाव ठरतात. पण फोडलेल्या स्लॅबचं लेबल कुणी परत पाठवलं नाही, तर ते कार्ड जुन्या हिशेबात तसंच राहतं. एकच कार्ड चार वेळा फोडून चार वेळा पाठवलं की कागदावर चार कार्डं!

दादाला हे सगळं पाठ होतं. खरं तर त्याने 2021 च्या सुरुवातीलाच विकायला हवं होतं. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेली अमेरिका तेव्हा कार्डांवर तुटून पडली होती. मायकेल जॉर्डनचं 1986 चं फ्लीअर कार्ड, पीएसए 10, जानेवारी 2021 मध्ये 7 लाख 38 हजार डॉलरला गेलं. एकाच लिलावात, एकदा नव्हे दोनदा! पीएसएकडे तीन दिवसांत मागच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त कार्डं येऊन पडली आणि मार्चअखेर त्यांनी बहुतेक सेवा चक्क बंद केल्या. दादा म्हणाला, अजून चढेल. चढलं नाही. उतरलं.

गेल्या वर्षी घराच्या डाउन पेमेंटला थोडे कमी पडत होते, तेव्हा कार्ड पुन्हा कपाटातून बाहेर आलं. साडेनऊच्या भावात भागत नव्हतं, दहाच्या भावात भागत होतं. इतका साधा हिशेब. आधी त्याने सभ्य मार्ग धरला, किमान 10 लिहून. सहा आठवड्यांनी कार्ड जुन्याच स्लॅबमध्ये परत, सोबत एका ओळीचा नकार. शहाणा माणूस इथे थांबतो. पण दादाने चारही मार्क पुन्हा वाचले, फूटपट्टी लावून डावी-उजवी बॉर्डर मोजली आणि ठरवलं की प्लॅस्टिकनेच घात केला.

त्या रात्री मी मोबाइलचा टॉर्च धरला होता. कोपऱ्यात पक्कड दाबली, कट्ट आवाज झाला, तिघांनी श्वास रोखले. कार्ड अलगद बाहेर आलं. एकही ओरखडा नाही. स्लॅबबाहेर ते इतकं साधं दिसत होतं, की वहिनी म्हणाली, ‘हे? एवढंसं?’

दोन महिन्यांनी निकाल आला. 9.

म्हणजे साडेनऊच्या भावातलेही काही डॉलर गेले, दोन वेळची फी गेली, विमा आणि कुरिअर गेलं ते वेगळंच. घर थोडं लहान घेतलं. कार्ड विकलंच नाही. नव्या घरात टीव्हीच्या शेजारी ते ठेवलंय, आणि जुनं साडेनऊचं लेबल दादाच्या पाकिटात असतं. आलेल्या पाहुण्यांना तो आधी लेबल दाखवतो, मग कार्ड.

परवा व्हिडिओ कॉलवर हळूच विचारत होता, ‘तिसऱ्या कंपनीकडे पाठवून बघू का रे?’

मागून वहिनीचा आवाज आला, ‘पक्कड मी शेजाऱ्यांना देऊन टाकलीय.’